शिडी चढून गेलेल्यांनी शिडीचे काय केले?

मराठवाड्यात एखाद्या पुढाऱ्याचा गौरव करायचा झाला की त्याच्या आरंभाची आठवण आवर्जून काढली जाते. अमुक साहेब कधी काळी गावचे सरपंच होते, तमुक साहेब नगरपालिकेचे अध्यक्ष होते, आणि तेथून ते मंत्रालयापर्यंत, दिल्लीपर्यंत पोहोचले. वक्ता हे सांगतो तेव्हा सभामंडपात टाळ्या पडतात. त्या टाळ्यांमागे एक प्रामाणिक भावना असते, हे आम्ही नाकारीत नाही. निजामाच्या राजवटीत ज्या प्रदेशाला मतदानाचा अधिकारही ठाऊक नव्हता, त्या प्रदेशातला माणूस खालच्या पायरीपासून वर चढतो, याचा अभिमान लोकांना वाटणारच. परंतु कोण किती उंच चढला, ही लोकशाहीची खरी कसोटी नव्हे. ज्या पायरीवरून तो चढला त्या पायरीवर आज उभ्या असलेल्या माणसाच्या हाती त्याने काय ठेवले, हा खरा प्रश्न आहे.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांचा इतिहास या प्रश्नासाठी मुद्दाम तपासावा असा आहे. शंकरराव चव्हाण नांदेड नगरपालिकेचे अध्यक्ष होते. पुढे ते दोनदा राज्याचे मुख्यमंत्री आणि दोनदा देशाचे गृहमंत्री झाले. शिवराज पाटील चाकूरकर लातूर नगरपालिकेचे अध्यक्ष होते; पुढे ते विधानसभेत, तेथून लोकसभेत गेले, लोकसभेचे अध्यक्ष आणि २००४ साली गृहमंत्री झाले. विलासराव देशमुख १९७४ साली बाभळगावचे सरपंच झाले, उस्मानाबाद जिल्हा परिषदेचे सदस्य आणि लातूर पंचायत समितीचे उपसभापती झाले, १९८० साली आमदार झाले आणि १९९९ व २००४ साली मुख्यमंत्री. शेजारशेजारच्या दोन नगरपालिकांनी आणि एका ग्रामपंचायतीने देशाला एवढे अधिकारी पुरुष दिले, असे उदाहरण सहज सापडणार नाही. मग या भागातील नगरपालिका, ग्रामपंचायती आणि जिल्हा परिषदा देशात सर्वांत समर्थ असायला हव्या होत्या. तशा त्या आहेत काय?

महाराष्ट्राचा आरंभ चांगला होता. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. त्या कायद्यात एक दूरदृष्टी होती. आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेत पदसिद्ध स्थान दिलेले नव्हते. जिल्ह्याचा कारभार जिल्ह्याने निवडलेल्या माणसांनी चालवावा, वरच्या सभागृहातल्यांनी तेथे लुडबूड करू नये, असा त्यामागचा विचार होता. शाळा, दवाखाने, रस्ते, पाझर तलाव यांची जबाबदारी आणि त्यासाठीचा नोकरवर्ग या संस्थांच्या हाती आला. विलासरावांच्या पिढीने राजकारणाचे धडे गिरवले ते याच व्यवस्थेत.

पण समोरच्या दाराने ज्यांना मज्जाव होता ते मागच्या दाराने आत आले. जिल्ह्याच्या नियोजनाची सूत्रे पालकमंत्र्याच्या हाती गेली. जिल्ह्याचा पैसा कोणत्या तालुक्याला, कोणत्या गावाला, हे जिल्हा परिषदेच्या अध्यक्षापेक्षा मुंबईहून ध्वजवंदनाला येणारा मंत्री अधिक ठरवू लागला. १९९२ च्या डिसेंबरात लोकसभेने त्र्याहत्तरावी व चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती मंजूर केली तेव्हा त्या सभागृहाच्या अध्यक्षस्थानी लातूरचे माजी नगराध्यक्ष होते आणि गृहमंत्रिपदी नांदेडचे. ग्रामपंचायतींसाठी २९ विषयांची यादी घटनेत आली. त्र्याहत्तरावी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात खासदारांच्या स्थानिक विकास निधीची योजना जाहीर झाली! एकाच वर्षी घटनेने गावाला सांगितले की तुझा कारभार तू कर, आणि सरकारने खासदाराला सांगितले की गावातले समाजमंदिर तू बांध. पुढे हा निधी वर्षाला ५ कोटींवर गेला. राज्यात आमदारांचाही असाच निधी आहे. कायदे करण्यासाठी निवडून दिलेला माणूस गटाराच्या भूमिपूजनाला नारळ फोडतो, आणि गटार ज्याच्या अखत्यारीत आहे तो सरपंच हार घेऊन बाजूला उभा राहतो. हे दृश्य आता इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही विपरीत आहे, असे कुणाला वाटतही नाही.

या मंडळींचे कर्तृत्व आम्ही अमान्य करीत नाही. जायकवाडी आणि विष्णुपुरी या प्रकल्पांशी शंकररावांचे नाव जोडले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. १९८२ साली लातूर स्वतंत्र जिल्हा झाल्यानंतर तेथे जी महाविद्यालये, जे सहकारी कारखाने, ज्या कचेऱ्या उभ्या राहिल्या त्यांत विलासरावांचा वाटा कुणीही मान्य करील. परंतु हे सारे वरून दिलेले दान होते. मुख्यमंत्री आपला असला की जिल्ह्याला मिळते, नसला की मिळत नाही, ही दात्याची आणि याचकाची व्यवस्था झाली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूर शहराची तहान भागवावी लागली. धनेगावचे धरण कोरडे पडले होते आणि पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावण्याची वेळ आली होती. ज्या जिल्ह्याने दोन मुख्यमंत्री दिले त्या जिल्ह्याच्या शहराला प्यायला पाणी नव्हते, आणि त्याच मांजरा खोऱ्यात उसाचे मळे व साखर कारखाने उभे होते. खोऱ्यातले पाणी उसाला किती आणि माणसांना किती, हा प्रश्न ग्रामसभेत कधी विचारला गेला होता काय? विचारला असता तरी उत्तर देण्याचा अधिकार ग्रामसभेला होता काय?

सत्ता वर साठली की तिचे काय होते, याचा आणखी एक दाखला न्यायालयाच्या दप्तरात आहे. २००६ साली बुलढाणा जिल्ह्यात खामगाव येथे एका आमदाराच्या कुटुंबाविरुद्ध शेतकऱ्यांनी सावकारीच्या तक्रारी केल्या, तेव्हा मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातून पोलीस ठाण्यात दूरध्वनी गेला. मुख्यमंत्री विलासराव होते. डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या हस्तक्षेपाबद्दल कडक ताशेरे ओढले आणि उच्च न्यायालयाने ठोठावलेली २५ हजारांची रक्कम वाढवून १० लाख केली. ही रक्कम राज्य सरकारवर बसली, म्हणजे जनतेच्या तिजोरीवर. सावकाराच्या वहीत अडकलेल्या कुणब्याचे दुःख सरपंच राहिलेल्या माणसाला कळत नव्हते असे कोण म्हणेल? कळत होते. पण आपल्या पक्षाच्या आमदाराची गरज त्याहून जवळची ठरली.

लोक असल्या गोष्टींचा हिशेब चुकता करीत नाहीत असेही नाही. १९९५ साली लातूरच्याच मतदारांनी जनता दलाच्या शिवाजीराव कव्हेकरांना निवडून देऊन विलासरावांचा पराभव केला होता. परंतु पाच वर्षांतून एकदा शिक्षा करता येणे म्हणजे कारभारात भाग घेणे नव्हे. मधल्या काळात कारभारावर हात ठेवण्याची जागा म्हणजे स्थानिक संस्था, आणि तीच जागा पोकळ करण्यात आली.

आणि कधी पोकळ झाली, तेही पाहण्यासारखे आहे. पूर्वी सरपंचपद बहुतेक गढीतल्या, वाड्यातल्या घराण्यांकडे असे. घटनादुरुस्तीनंतर महाराष्ट्रात स्त्रियांना एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा मिळाल्या. दलित, आदिवासी, इतर मागासवर्गीय त्या खुर्चीवर हक्काने बसू लागले. ज्या क्षणी मातंग वस्तीतली बाई सरपंच होऊ शकली, त्या क्षणापासून सरपंचाच्या सहीची किंमत उतरू लागली. हा निव्वळ योगायोग आहे असे ज्यांना मानायचे असेल त्यांनी मानावे. घराण्यांसाठी मात्र जिल्हा परिषद वारसांची तालीम बनली. विलासरावांचे एक चिरंजीव २०१७ साली जिल्हा परिषदेत आले आणि २०१९ साली विधानसभेत गेले. शंकररावांचे चिरंजीव मुख्यमंत्री झाले, २०२४ साली त्यांनी पक्ष बदलला, आणि त्याच वर्षी त्यांच्या कन्या भोकरमधून आमदार झाल्या. पक्ष बदलला, मतदारसंघ घरातच राहिला.

या साऱ्यावर कळस चढला तो २०२२ साली. नांदेड व लातूर जिल्हा परिषदांची मुदत त्या वर्षीच्या मार्चमध्ये संपली. दोन्ही महापालिकांचीही त्याच वर्षी संपली. पाच वर्षे, आणि त्याहून अधिक नाही, असे घटना स्वच्छ शब्दांत सांगते. तरी इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या वादात निवडणुका लांबत गेल्या, आणि वाद लांबवण्यात दोन्ही बाजूंच्या सरकारांनी हातभार लावला. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, आणि महापालिकांचे मतदान झाले ते जानेवारी २०२६ मध्ये. तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक नावाचा अधिकारी सभागृहही होता आणि सभापतीही. जिल्हा नियोजन समितीचे चार-पंचमांश सदस्य ज्या संस्थांतून यायचे त्या संस्थाच नव्हत्या. पालकमंत्री मात्र होते. या काळात विधानसभेची निवडणूक वेळेवर झाली. आमदारांची खुर्ची एक दिवसही रिकामी राहिली नाही. स्वतः नगरसेवक, सभापती राहिलेल्या किती आमदारांनी या प्रश्नावर सभागृह बंद पाडले?

मागण्या साध्या आहेत. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद पालकमंत्र्याकडून काढून जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाकडे द्यावे. आमदार-खासदारांचे निधी बंद करून ती रक्कम ग्रामपंचायती व नगरपालिकांना थेट द्यावी. घटनेतील २९ विषय पैसा आणि कर्मचारी यांच्यासह खाली सोपवावेत. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक न घेणाऱ्या सरकारला त्याचा जाब विधिमंडळात द्यावा लागेल, असा कायदा करावा. यासाठी नवी समिती नको, नवा अभ्यास नको. ज्यांनी हे करायचे ते त्याच पायऱ्यांवरून वर गेले आहेत आणि त्यांना यातले सारे ठाऊक आहे.

म्हणून यापुढे कुणी व्यासपीठावरून ‘मीही एकेकाळी सरपंच होतो’ असे सांगू लागला, तर टाळी वाजवण्यापूर्वी त्याला नम्रपणे विचारावे: साहेब, आजच्या सरपंचाला तुम्ही काय दिलेत?