घड्याळ ओट्यावर राहतं

आमच्या सोसायटीत दिवाळीनंतर रोज दहा हजार पावलं चालायची पैज लागली. रात्री साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जो तो आपला आकडा टाकतो. तिसऱ्या मजल्यावरचे काका बारा हजारांच्या खाली उतरत नाहीत. काकूंचा आकडा मात्र चार हजारांवरच अडलेला. एकदा चेष्टेनं विचारलं, तर म्हणाल्या, ‘‘अहो, पहाटे कणीक मळताना घड्याळ काढून ओट्यावर ठेवते. मग डबे, पाणी भरणं, सासूबाईंचं आवरणं. घड्याळ आठवतं तेव्हा दुपारचे दोन वाजलेले असतात.’’

दहा हजारांचा आकडा कुणा डॉक्टरनं तपासून काढलेला नाही, हे जाता जाता सांगायला हवं. १९६५ साली एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याच्या नावातच ‘दहा हजार पावलं’ होती. विक्रीसाठी निवडलेला आकडा पुढे जगभराचं पथ्य होऊन बसला. ते असो. काकूंची पावलं कुठल्याच खात्यात जमा होत नाहीत, आणि ही तक्रार घड्याळापेक्षा बरीच जुनी आहे.

आपल्याकडे व्यायाम म्हटला की डोळ्यांपुढे तालीम येते. लाल माती, जोर-बैठका, मलखांब, भिंतीवरचा मारुती. टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष अभ्यास बाजूला सारून शरीर कमावण्यात घालवलं, हे आपण शाळेपासून कौतुकानं ऐकत आलो. कौतुक करावं असंच ते आहे. पण असं अख्खं वर्ष शरीरावर खर्च करायचं तर वेळेवर वाढलेलं ताट समोर यावं लागतं, आणि ते वाढणारं कुणीतरी घरात असावं लागतं. तीही पहाटेच उठायची. जात्यावर दळायची, विहिरीवरून पाणी आणायची. दोघांच्याही अंगातून घाम निघे. त्याच्या घामाला व्यायाम म्हणायचे, तिच्या घामाला काम. व्यायामाला खुराक असतो, बदाम-दूध असतं. कामाला पंगत उठल्यावर उरलेलं.

उरलेलं खायची ती रीत रक्तात उतरते, हे अलंकारानं म्हणत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, त्याच वयाच्या पुरुषांत २५ टक्के. पाळी आणि बाळंतपणं हे त्याचं एक कारण आहेच. पण भाजी कुणाच्या वाटीत किती पडते, हेही आहे.

या चाकोरीबाहेर पाऊल टाकणारा एक संस्थानिक मला फार आवडतो. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. त्यांनी सूर्यनमस्काराला देवघराबाहेर काढून रोजच्या सवयीचं रूप दिलं, संस्थानातल्या शाळांत तो मुलांबरोबर मुलींनाही शिकवायला लावला, आणि १९३८ मध्ये त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनला निघालं. सूर्यनमस्काराला आखाडा लागत नाही, साधनं लागत नाहीत, खोलीतला कोपरा पुरतो. म्हणजे जागेचा प्रश्न राजेसाहेबांनी सोडवला. वेळेचा प्रश्न उरला. तो राजाच्या हातातलाही नव्हता. घरातला वेळ नात्यांच्या हिशोबानं वाटला जातो.

त्या हिशोबाला हात घातला तो गणिताच्याच एका प्राध्यापकानं. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यापायी विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी मासिक सुरू केलं आणि त्याला नाव दिलं ‘समाजस्वास्थ्य’. या नावापाशी मी नेहमी थबकतो. शयनगृहातल्या गोष्टींबद्दल लिहायचं आणि त्याला स्वास्थ्य म्हणायचं, तेही समाजाचं! तालीमवाले स्वास्थ्य दंडात शोधत होते, वैद्य नाडीत. कर्वे म्हणत होते, ते आधी नवरा-बायकोच्या नात्यात बघा. ओळीनं बाळंतपणं सोसणाऱ्या बाईला कुठलं टॉनिक देणार? तिला नको म्हणता आलं पाहिजे, आणि हवं असेल तर हवं म्हणण्याचाही हक्क तिचाच, हे ते लिहीत राहिले. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, मासिक थांबलं नाही. १९५३ मध्ये कर्वे गेले तेव्हाच ते बंद पडलं. या सगळ्या वर्षांत घर चालवण्याचा मोठा भार पत्नी मालतीबाईंच्या कमाईवर होता. कर्व्यांवर लिहिताना ही गोष्ट आपण एका वाक्यात उरकतो. मीही तेच केलं.

‘नको’ म्हणण्याची किंमत त्याआधी रखमाबाईंनी मोजून पाहिली होती. अकराव्या वर्षी लागलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात, असा निकाल १८८७ मध्ये मुंबईच्या न्यायालयानं दिला. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली आणि लंडनला शिकून त्या डॉक्टर झाल्या. ज्या देहावर कोर्टानं नवऱ्याचा हक्क सांगितला, त्याच देहानं त्यांनी पुढची कित्येक वर्षं इतर बायकांची दुखणी निस्तरली.

आता म्हणाल, ते दिवस गेले. जाती गेली, मिक्सर आला, लग्नाआधी समुपदेशनाला जाणारी जोडपी आहेत, नात्यात ‘स्पेस’ हवी हे सासूबाईसुद्धा म्हणतात. खोटं नाही. पण कर्व्यांच्या विषयातलाच आजचा आकडा घ्या. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत कुटुंबनियोजनासाठी ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आहे, पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया जास्त सोपी, पोट उघडावं लागत नाही. तरी टेबलावर जाते ती बाई.

वेळेचंही तसंच. सरकारी पाहणीनुसार २०१९ मध्ये घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवी, आणि घरकाम करणारा पुरुष ९७. २०२४ मध्ये तिची मिनिटं २८९ झाली, त्याची ८८. म्हणजे तिची दहा वाचली आणि त्याचीही नऊ वाचली! वाटा काही बदलला नाही. एकमेकांशी मोकळेपणानं बोला, रोज अर्धा तास स्वतःला द्या, असं पुरवण्यांतून सांगतात तेव्हा हा अर्धा तास कुणाच्या मिनिटांतून कापायचा हे कुणी लिहीत नाही. काका पहाटे टेकडीवर जातात तो वेळ त्यांना कुणीतरी दिलेला असतो.

मागच्या आठवड्यात काकूंनी गंमत केली. घड्याळाचा पट्टा सैल केला आणि ते पैंजणासारखं पायात बांधलं. कणीक मळली, डबे भरले, जिना चढल्या-उतरल्या, बाजार केला, संध्याकाळी सासूबाईंना खाली फिरवून आणलं. रात्री साडेनऊला ग्रुपवर आकडा पडला: ११,४००.

खाली काकांचा मेसेज आला, ‘‘यंत्र बिघडलंय बहुतेक. दुकानात दाखवून आणतो.’’