संघ निवडताना

यवतमाळ जिल्ह्यातील फुटबॉलप्रेमी तरुणाला आपला व्यावसायिक संघ वारशाने मिळत नाही. तो निवडावा लागतो. विदर्भाचा संघ देशाच्या सर्वोच्च साखळीत कधी खेळलेला नाही. त्यामुळे वणी-पुसदचा विद्यार्थी मध्यरात्रीनंतर दूरचित्रवाणीपुढे बसून माद्रिदची वा मँचेस्टरची बाजू घेतो, याचे नवल वाटावयास नको. वडीलधाऱ्यांना हे परकीयांचे वेड वाटते. तथापि त्याने आपल्याच राज्यातील संघावर जीव लावला असता तर पदरी काय पडले असते, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

मुंबईच्या महिंद्र युनायटेडने 2005-06 मध्ये राष्ट्रीय साखळी जिंकली. 2010 मध्ये मालक कंपनीने तो संघ बंद केला. 2007 साली उभा राहिलेला पुणे एफसी 2012-13 च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला. पुढे तीन वर्षांच्या आत तोही मिटला. 2017 मध्ये मुंबई एफसी गेला. इंडियन सुपर लीगमधील पुणे सिटीचे प्रकरण तर याहून चमत्कारिक. 2019 मध्ये त्या संघाची साखळीतील जागा हैदराबादला गेली. हैदराबादने 2021-22 चा चषक जिंकला आणि 2025 मध्ये तो संघ तेथूनही उठून दिल्लीचा झाला! पुण्याच्या ज्या समर्थकाने मन घट्ट करून हैदराबादपर्यंत निष्ठा नेली असेल, त्याने आता कोणती गाडी पकडावी? समर्थक चंचल असतात अशी तक्रार नेहमी ऐकू येते. येथे समर्थक जागच्या जागी उभा आहे आणि संघच समर्थक बदलतो आहे.

याचे मूळ खेळाडूंच्या कसात शोधून उपयोग नाही. ते मालकीत आहे. संघ हे कंपनीच्या जाहिरातखर्चातील एक कलम असेल, तर ताळेबंद बिघडताच ते कलम आधी खोडले जाणार. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्सला हलविण्यास 2002 मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा समर्थकांनी त्याच वर्षी स्वतःचा नवा क्लब काढला आणि खालच्या पायरीपासून चढत 2011 मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये नेला. जर्मनीत क्लबच्या सभासदांकडे बहुमत असावे असा सर्वसाधारण नियमच आहे. आपल्याकडेही 1889 साली स्थापन झालेल्या मोहन बागानच्या नावापुढे 2020 मध्ये 'एटीके' हे बिरुद लागले, तेव्हा समर्थकांनी ते मानले नाही. 2023 मध्ये ते काढावे लागले. ज्यांना क्लब आपला वाटतो त्यांचा आवाज मालकाला ऐकावा लागतो, हे कलकत्त्याने दाखविले.

महाराष्ट्रात असे गाव नाही असे मात्र नाही. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात आणि पेठांच्या पेठा लोटतात. हुल्लडबाजीही होते, तिचे समर्थन कोणी करू नये. परंतु एखाद्या तालमीचा संघ दुसऱ्या शहराला विकण्याची कल्पनाही तेथे कोणाच्या मनात येणार नाही. ही आपुलकी साखळीच्या पैशाला अद्याप विकत घेता आलेली नाही.

म्हणून संघ निवडणाऱ्याने चषकांची संख्या मोजण्याआधी हा संघ बंद करण्याचा वा हलविण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हे विचारावे. या कसोटीला माद्रिद उतरते, कारण तो क्लब सभासदांचा आहे; मँचेस्टरचे दोन्ही संघ उतरत नाहीत. मुंबई सिटीने 2020-21 मध्ये साखळी आणि चषक दोन्ही जिंकले, तेही परदेशी समूहाच्या मालकीत; तो समूह 2025 च्या अखेरीस बाहेर पडला.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघ क्लबांना परवाना देताना मैदान, प्रशिक्षक, युवा संघ, हिशेब यांच्या अटी घालतो. समर्थकांच्या नोंदणीकृत मंडळाच्या संमतीवाचून शहर व नाव बदलता येणार नाही, एवढी एक अट त्यात वाढविणे अवघड नाही. तोवर पुसदच्या मुलाने माद्रिद निवडले, तर त्याला बोल लावण्याचा अधिकार निदान महाराष्ट्रातील संघमालकांना नाही.