जमिनीची अपुरी पत्रिका

पुणे शहर वापरून टाकलेल्या पाण्याचे पुढे काय होते, याची चिंता शहरात फारशी कोणी वाहत नाही. दौंड तालुक्यातील राहू व शेजारच्या गावांना मात्र ती रोजच वाहावी लागते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड येथील सांडपाणी पोटात घेऊन आलेली मुळा-मुठा याच परिसरात भीमेला मिळते आणि तिच्या पाण्यावर येथील ऊस, गुऱ्हाळे व भाजीपाला उभा आहे. दौंड तालुक्यातच कुरकुंभची आणि शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे दाखविले. त्यांपैकी ५३ एकट्या महाराष्ट्रातील होते.

नदीवरील फेस आणि जलपर्णी डोळ्यांना दिसतात, दुर्गंधी नाकाला जाणवते. शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांचे तसे नाही. मैला कुजतो, धातू कुजत नाही. शुद्धीकरण केंद्रात तो बराचसा गाळात उतरतो आणि तोच गाळ खत म्हणून शेतात गेला, तर पाण्यातून काढलेला धातू मातीत पोहोचतो. तेथून मुळांवाटे तो पानांत चढतो. कॅडमियम या बाबतीत विशेष चपळ असून पालकासारख्या पालेभाज्या ते अधिक शोषतात. पानावर बसलेली धूळ धुता येते; पानात मुरलेला धातू धुऊन वा शिजवून जात नाही.

जपानमधील तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या पाण्याने हेच घडविले. खाणीतील कॅडमियम भातखाचरांत गेले, भातातून माणसांत गेले आणि त्यांची हाडे ठिसूळ झाली. त्या रोगाचे कारण तेथील सरकारने १९६८ मध्ये मान्य केले. तोवर पिढ्या गेल्या होत्या.

आपल्याकडे २०१५ पासून शेतकऱ्याला मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तीत बारा गोष्टींची नोंद असते. जस्त व तांबे हे धातू तीत आहेत, पण पिकाचे पोषण म्हणून. शिसे व कॅडमियम यांना तीत रकानाच नाही! पाणी प्रदूषण मंडळाकडे, माती कृषिखात्याकडे आणि बाजारातील भाजी अन्न प्रशासनाकडे, अशी ही वाटणी आहे. धातू मात्र ही वाटणी पाळत नाही. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने पालेभाजीच्या एका किलोत शिसे ०.३ आणि कॅडमियम ०.२ मिलिग्रॅम, एवढीच मुभा दिली आहे. ही मर्यादा शेताच्या बांधावर पाहणार कोण?

नदीकाठच्या आणि कारखान्यांभोवतीच्या गावांत एकाच शेताचे पाणी, माती व पाला एकाच हंगामात तपासून निष्कर्ष गावनिहाय प्रसिद्ध करावेत, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. कारखान्याचा धातू कारखान्याच्या आवारातच अडविला पाहिजे. मात्र तपासणीपूर्वी सरकारने आणखी एक हमी दिली पाहिजे. ज्याची जमीन दूषित ठरेल त्याला भरपाई आणि अखाद्य पिकाकडे वळण्यास साहाय्य मिळेल, ही ती हमी होय. नाही तर गावाचे नाव वाईट होऊन मालाचा भाव पडेल या धास्तीने शेतकरी माती लपवील, आणि त्याला दोष कसा देता येईल? घाण त्याने केलेली नाही.

शहराने नदीत सोडलेले पाणी भाजीच्या रूपाने त्याच शहराच्या मंडईत परत येते. राहूच्या मातीची तपासणी हा म्हणूनच पुणेकरांच्या ताटाचाही प्रश्न आहे.