आमच्यामागे यांचे कोण?

मध्यमवर्गीय घरांत एक प्रश्न असा आहे की, त्याचा उच्चार पाहुण्यांसमोर कधी होत नाही. पण त्याच्यापायी आईबापांच्या डोळ्याला डोळा लागत नाही. मुलगा पंचवीस वर्षांचा, अंगाने धट्टाकट्टा; पण बुद्धीची वाढ मागे राहिलेली, किंवा तो स्वमग्न. सदऱ्याची बटणे आई लावते, दाढी वडील करून देतात. आई साठीला आली, वडिलांनी सत्तरी ओलांडली. भाऊ परगावी, बहीण सासरी. "आमच्यामागे याचे कोण?" या प्रश्नाचे उत्तर शोधीत ते वृद्ध जोडपे अखेर एखाद्या निवासी संस्थेच्या फाटकाशी येऊन उभे राहते. २०११ च्या जनगणनेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या सुमारे १५ लाख लोकांची नोंद या देशात झाली. आईबाप कोणाचेच अमर नसतात. तेव्हा फाटकाच्या आत काय चालते हा त्या एका कुटुंबाचा खाजगी प्रश्न उरत नाही. तो आपणां सर्वांचा आहे.

चांगली संस्था म्हणजे चांगली इमारत आणि भरपूर पैसा, अशी आपली एक भाबडी समजूत आहे. ती किती फोल आहे हे इंग्लंडने अनुभवले आहे. ब्रिस्टल शहराजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचे २४ खाटांचे एक खाजगी रुग्णालय होते. बौद्धिक अपंगत्व वा स्वमग्नता असलेले तरुण तेथे ठेवले जात, आणि एकेकापाठी आठवड्याला सरासरी ३५०० पौंड सार्वजनिक पैशातून मोजले जात. ३१ मे २०११ रोजी बीबीसीने गुप्त कॅमेऱ्याने टिपलेली तेथील दृश्ये दाखविली, तेव्हा सारा देश हादरला. सांभाळण्यासाठी नेमलेली माणसेच त्या असहाय जीवांना थपडा मारीत होती, केस धरून ओढीत होती, अंगावरच्या कपड्यांसह पाण्याखाली धरीत होती. ११ जणांवर गुन्हे शाबीत झाले, ६ जण तुरुंगात गेले. पैसा कमी नव्हता. नियामक मंडळही होते. तेथल्याच एका ज्येष्ठ परिचारकाने त्या मंडळाला आधी लेखी कळविलेही होते. त्याची दखल कोणी घेतली नाही. पुढे २०१२ साली चौकशीचा अहवाल आला, त्यातून एक साधीच गोष्ट पुढे आली. अनेक तरुण आपल्या घरांपासून फार दूर आणून ठेवलेले होते, आणि भेटीस आलेल्या नातेवाइकांना त्यांच्या खोल्यांपर्यंत जाऊ दिले जात नव्हते!

परक्यांकडे बोट दाखवून समाधान मानण्याचा अधिकार आपल्याला मात्र नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांपैकी अनेकींची गर्भाशये काढून टाकण्यात आली. कारण काय, तर मासिक पाळीच्या वेळी त्यांना स्वच्छता राखता येत नाही! सांभाळणाऱ्यांची अडचण दूर व्हावी म्हणून सांभाळल्या जाणाऱ्यांच्या देहावर शस्त्र चालले. कार्यकर्त्यांनी आवाज उठविला तेव्हा कुठे ते थांबले. पुढे २०११ मध्ये पनवेलजवळच्या एका आश्रमातील मतिमंद मुलींवरील अत्याचार उघडकीस आले. उच्च न्यायालयाच्या पुढाकाराने बाहेरच्या माणसांनी आतील कारभाराची चौकशी केली तेव्हा त्या मुलींना प्रथम वाचा फुटली. २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थापकाला आणि त्याच्या साथीदारांना दोषी ठरविले.

ब्रिस्टल असो, शिरूर असो वा पनवेल असो. तिन्ही ठिकाणचा रोग एकच. बाहेरची नजर आत पोहोचत नव्हती. ज्याला सांगता येत नाही, त्याच्या वतीने पाहणारा कोणी नव्हता. जेथे तक्रार करणारे तोंड नाही आणि पाहणारा डोळाही नाही, तेथे भल्या माणसाचाही हात हळूहळू सैल सुटतो. हे सांगताना सर्वच संस्थांना आम्ही एका माळेत ओवीत नाही. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस अपंग मुलांना स्वतःचे नाव दिले, त्यांना वाढविले, आणि अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून अशा मुलांना बालगृहाबाहेर काढू नका, असा आग्रह वर्षानुवर्षे शासनापुढे धरला. २०२४ साली त्यांना पद्मश्री देऊन देशाने त्या कार्याचा गौरव केला. परंतु एखाद्या सत्पुरुषाच्या पुण्याईवर लाखोंची व्यवस्था उभी राहत नाही. व्यवस्था नियमांवर उभी राहते.

कायदे नाहीत असेही नाही. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने नोंदणीपत्रावाचून अशी संस्था चालविण्यास मनाई केली आहे, आणि समाजात राहण्याचा अपंगांचा हक्कही मान्य केला आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्न व मतिमंद व्यक्तींसाठी कायदेशीर पालक नेमण्याची तरतूद केली. पालकाने छळ केला तर त्याला दूरही करता येते. परंतु नोंदणीपत्र भिंतीवर टांगले जाते आणि तपासणीची तारीख आधी कळली तर त्या दिवशी चादरी पांढऱ्याशुभ्र होतात. आम्हांला तपासणी हवी आहे ती न कळविता केलेली, रात्रीच्या वेळीही केलेली, आणि जिचा अहवाल कोणत्याही नागरिकाला वाचता येईल अशी.

तपासणाऱ्याने पाहावयाचे तरी काय? प्रत्येकाला स्वतःचा कंगवा, स्वतःचे कपडे आहेत काय? आंघोळीच्या वेळी आडोसा आहे काय? बोलता न येणाऱ्याला चित्रांच्या साह्याने आपली इच्छा सांगता येते काय? स्वमग्न तरुणाला गोंगाट सोसत नाही, रोजचा क्रम बदललेला सोसत नाही. त्याला तीस खाटांच्या दालनात टाकून तो आरडाओरडा करतो म्हणून गुंगीचे औषध देणे ही शुश्रूषा नव्हे. सारे शांत बसले आहेत म्हणजे सारे सुखी आहेत, असे समजण्यासारखी दुसरी चूक नाही. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने २०१५ साली काढलेल्या अंदाजानुसार, बौद्धिक अपंगत्व असलेले ३० ते ३५ हजार प्रौढ योग्य कारणाविना मनावर परिणाम करणारी औषधे रोज घेत होते. शांतता औषधाची आहे की समाधानाची, हे विचारलेच पाहिजे.

सांभाळणाऱ्यांचाही विचार न्यायाने केला पाहिजे. तुटपुंज्या पगारावर, कोणतेही शिक्षण न देता, एका बाईच्या भरवशावर रात्रभर तीस मुले सोपवावयाची आणि तिचा तोल गेला की तिला राक्षसीण ठरवावयाचे, हा शुद्ध ढोंगीपणा आहे. शासनाने अनुदान वेळेवर द्यावे, काळजीवाहकांची संख्या, शिक्षण आणि वेतन ठरवून द्यावे, आणि मगच जाब विचारावा.

पण या सर्वांहून अधिक महत्त्वाची अशी एक मागणी आम्ही करीत आहोत. संस्थेत राहणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे संस्थेबाहेरच्या एका माणसाचे नाव नोंदलेले असावे. तो नातलग असो, शेजारी असो वा सेवाभावी नागरिक असो. त्याची पारख आधी नीट झालेली असावी, पण त्याला कोणत्याही दिवशी, पूर्वसूचना न देता, स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत जाण्याचा आणि आपल्या माणसाशी एकांतात बोलण्याचा हक्क असावा. मुलांच्या सुरक्षिततेसाठी फाटकाला कुलूप लागतेच, असे संस्थाचालक सांगतील. बरोबर आहे. मूल रस्त्यावर धावू नये म्हणून लावलेले कुलूप आम्हांला समजते. आईने आत येऊ नये म्हणून लावलेले कुलूप समजत नाही. आणि आईबापांनीही कायदेशीर पालक आपल्या हयातीतच ठरवून ठेवावा. संस्थाचालक हाच पालक, तोच खजिनदार आणि तोच एकमेव साक्षीदार, अशी पाळी कोणाच्याही मुलावर येता कामा नये.

शेवटी दोन शब्द आमच्या वाचकांशी. वाढदिवसाला अशा संस्थेत जाऊन पेढे वाटावेत, छायाचित्र काढावे आणि पावती घेऊन घरी यावे, एवढ्यावर आपली कणव बहुधा थांबते. पेढे जरूर न्यावेत. पण महिन्यातून एकदा रिकाम्या हातांनीही जावे, एका मुलाचे नाव लक्षात ठेवावे आणि पुढच्या खेपेस त्याच्या दंडावरचा वळ कशाचा, हे विचारावे. असे एक एक माणूस या शहराने पुरविले, तर मरणाच्या दारी असलेल्या कितीतरी आईबापांना सुखाने डोळे मिटता येतील. "आमच्यामागे यांचे कोण?" या प्रश्नाला शासनाने काय उत्तर द्यावयाचे ते आम्ही विचारीत राहूच. पण "मी आहे", हे उत्तर देण्यासाठी आपल्याला कोणत्या शासकीय आदेशाची वाट पाहावयाची आहे?