खोली रिकामी आहे, पण तुमच्यासाठी नाही

जव्हारला आणि मोखाड्याला बाहेरून येणाऱ्या तरुणांचे गावाने दोन भाग पाडले आहेत. एक शिकायला आलेला आणि दुसरा पोट भरायला आलेला. शिकायला आलेल्याला गाव ओळखते. महाविद्यालय आहे, आश्रमशाळा आहेत, आदिवासी विकास विभागाची मुलांची आणि मुलींची वसतिगृहे आहेत. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी शासनाने 2016 साली स्वयम् योजना आणली. राहण्या-जेवणाचे पैसे त्यांच्या खात्यात जमा करण्याची ही योजना. हे सारे योग्यच आहे, आणि ज्या मातीतल्या मुलांना शंभर वर्षे शाळेचा उंबरठा दिसला नाही त्यांना ते मिळालेच पाहिजे. आमचे म्हणणे त्याविरुद्ध नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, ज्याच्या हातात वही नाही, पाना-पक्कड आहे, त्या तरुणाने रात्री पाठ कुठे टेकायची?

आम्ही म्हणजे कोण, हे आधी सांगितले पाहिजे. आम्ही कंत्राटावरचे प्रयोगशाळा सहायक आहोत, रुग्णवाहिकेचे चालक आहोत, मोबाईल दुरुस्त करणारे, बेकरीत पाव भाजणारे, बचत गटांचे हप्ते गोळा करत पाड्यापाड्यांतून मोटारसायकल फिरवणारे आहोत. वय वीस ते तीस. घरे वाड्याला, भिवंडीला, नाशिकला, कुणाची मराठवाड्यात. बोलतो मराठी, वाचतो मराठी. आणि आमची नावे मुसलमानांची आहेत. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला, पण नवा जिल्हा झाला म्हणून जव्हारपर्यंत रेल्वे आली नाही. इथे काम करायचे तर इथेच राहावे लागते. रोज घाट चढून-उतरून पगार उरत नाही. जागा विकत घ्यायची म्हणावे, तर हा अनुसूचित क्षेत्राचा मुलूख. आदिवासींच्या जमिनी बिगर आदिवासींच्या हाती जाऊ नयेत म्हणून कायद्याने बंधने घातली आहेत आणि ती असायलाच हवीत. तेव्हा आमच्यापुढे एकच वाट उरते. भाड्याची खोली.

खोली मागायला गेले की तीन प्रश्न येतात. पहिला, कॉलेजला आहात का? नाही म्हटले की मालकाचा चेहरा थोडा आखडतो. विद्यार्थ्यामागे प्राचार्य असतो, बाप असतो, सुट्टी लागली की तो गावी जातो. आमच्यामागे कोण? दुसरा प्रश्न, फॅमिली आहे का? नाही म्हटले की आम्ही सडाफटिंग ठरतो, आणि सडाफटिंग माणूस म्हणजे दारू, पत्ते, रात्रीबेरात्री येणे, असे ठरलेलेच असते. हे दोन प्रश्न कुणाही अविवाहित कामगाराला येतात. तो पाटील असो, भोये असो की कांबळे. पण तो त्यातून कसाबसा तरून जातो. कुणाची तरी ओळख निघते, एक महिन्याऐवजी तीन महिन्यांचे डिपॉझिट ठरते आणि किल्ली हातात पडते. आमचे तसे होत नाही. कारण तिसरा प्रश्न अजून यायचा असतो. नाव काय म्हणालात?

नाव सांगितले की खोलीला एकदम मागण्या येऊ लागतात. पुतण्याचे लग्न निघते. मुंबईचे पाहुणे राहायला येणार असतात. छप्पर गळत असल्याचे आत्ताच ध्यानात येते. कुणी तोंडावर नाही म्हणत नाही, आणि ह्या सभ्यपणाचाच आम्हाला अधिक त्रास होतो. तोंडावर नाही म्हटले तर निदान भांडता येते. लग्नाशी कसे भांडायचे?

काहीजण खाण्यापिण्याचे कारण पुढे करतात. हे कारण मुंबईच्या एखाद्या शाकाहारी सोसायटीत एक वेळ समजून घेता येईल, पटले नाही तरी. पण जव्हारात? ज्या गावात आठवड्याच्या बाजाराला सुकटीचा वास मैलावरून येतो, जिथे वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी ह्यांच्यापैकी बहुतेकांच्या चुलीवर कोंबडीचे कुणाला वावडे नाही, तिथे आमच्याच तव्यावरचे मटण कसे काय नाकाला झोंबते? कारण मटणाचे नाही, कारण नावाचे आहे.

आम्ही घरमालकाला राक्षस म्हणत नाही. त्याचीही भीती आहे आणि तिला इतिहास आहे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याच्या काळात एकदा आत आलेला भाडेकरू निघत नसे, हे त्याने बापाकडून ऐकलेले असते. एखादी विधवा बाई दोन खोल्यांपैकी एक भाड्याने देते, तीच तिची पेन्शन असते. तिने विचार करूनच माणूस ठेवावा. पण ती भीती घालवायची सोय कायद्याने कधीच केली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, लागू झाला 31 मार्च 2000 पासून. लीव्ह अँड लायसन्सने दिलेली राहती जागा मुदत संपल्यावर परत मिळवण्याची तरतूद त्याच्या कलम 24 मध्ये आहे. कलम 55 म्हणते की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. तरीही लहान गावात करार होतो तो तोंडी. म्हणजे जे मालकाचेही रक्षण करते ते करायचे नाही, आणि जे कुणाचेच रक्षण करत नाही, म्हणजे नावावरून माणूस पारखणे, ते मात्र न चुकता करायचे. चोराला नावावरून ओळखता आले असते तर पोलीस ठाण्यांची गरजच उरली नसती.

मग कायदा आमच्या बाजूने काय म्हणतो? फार काही म्हणत नाही, हेच दुखणे आहे. संविधानाच्या पंधराव्या कलमाने धर्म, जात, लिंग, जन्मस्थान ह्यांवरून भेदभाव करायला राज्यसंस्थेला मनाई केली. दुकाने, हॉटेले, विहिरी, तलाव सर्वांना खुले केले. पण खासगी मालकाच्या खोलीच्या दारापाशी ते कलम थांबते. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व फक्त पारशांपुरते ठेवणारा संस्थेचा नियम वैध ठरवला. 2006 च्या नोव्हेंबरात सच्चर समितीने अहवाल दिला. मुसलमानांना घर भाड्याने किंवा विकत घेताना अडचणी येतात हे त्यात नोंदवले गेले. समान संधी आयोग नेमा, अशी शिफारस झाली. तो आयोग काही आला नाही. अहवाल कपाटात गेला आणि आम्ही एस.टी. स्टँडवर.

अशी वेळ केवळ आमच्यावर आलेली नाही. 1917 साली परदेशातून शिकून आलेला एक तरुण नोकरीसाठी बडोद्याला गेला. शिक्षण झालेले, नोकरी हातात, फक्त राहायला जागा नाही. पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून त्याला राहावे लागले. जात कळताच काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्याला बाहेर काढले. एक हिंदू स्नेही, एक ख्रिस्ती स्नेही, दोघांनीही आपापली अडचण सांगितली. बागेत बसून त्याने दिवस काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. त्या तरुणाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. ज्या देशाचे संविधान खोली नाकारल्या गेलेल्या माणसाने घडवले, त्या देशात एकशे पाच-दहा वर्षांनंतरही खोलीच्या दारात नाव विचारले जाते. जोतीराव आणि सावित्रीबाईंना वडिलांचे घर सोडावे लागले तेव्हा पुण्यात उस्मान शेख ह्यांनी त्यांना आसरा दिला, असे आपण प्रत्येक व्याख्यानात सांगतो. टाळ्याही पडतात. आज उस्मान शेखचा नातू खोली मागायला आला, तर टाळ्या वाजवणारे हात किल्ली काढतील का?

जव्हारला हे शोभत नाही. हे मुकणे राजांचे संस्थान. आदिवासी राजघराण्याचे गाव, आणि त्याच गावात चिश्ती परंपरेतल्या पीराचा दर्गा. उरुसाला पाड्यापाड्यांवरून माणूस येतो, नवस बोलतो, चादर चढवतो. पीराला गावात जागा आहे. त्याच्या नावाशी नाव जुळणाऱ्या जिवंत पोराला दहा बाय दहाची खोली नाही.

आणि इथल्या माणसाला बेघरपण काय असते हे शिकवावे लागत नाही. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्यातली कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बांधकामांवर जातात. भट्टीच्या कडेला कच्च्या विटांच्या भिंती आणि वर प्लास्टिक, हे त्यांचे सहा महिन्यांचे घर. त्यांनाही तिथे कुणी खोली देत नाही. त्यांचेही नाव, आडनाव, बोली ऐकून दार लोटले जाते. ते आमच्या भिवंडीत उघड्यावर, आणि आम्ही त्यांच्या जव्हारात उंबऱ्याबाहेर. दोघांचे दुःख एकच आहे हे ज्या दिवशी दोघांना कळेल, त्या दिवशी अनेकांची दुकाने बंद होतील.

आता थोडे आपल्याच लोकांशी. आमच्यातले बुजुर्ग म्हणतात, बेटा, दुसऱ्यांच्या दारात कशाला जातोस, मोहल्ल्यात बघ. मोहल्ल्यात बघितले. तिथेही अविवाहित पोर नको आहे. तिथेही प्रश्न आहेत. कुठल्या जमातीचा, कुठल्या मसलकचा, कुणाचा कोण? आणि एखाद्या कातकरी पोराने तिथे खोली मागितली तर त्याला काय उत्तर मिळते, हे मोहल्ल्याने स्वतःला विचारावे. नियाज-नजरान्याला, जलशाला पैसा उभा राहतो. परगावच्या कामगारासाठी चार खोल्या बांधायला मात्र उभा राहत नाही. मुसाफिरखाना ही आपलीच जुनी रीत होती. ती आपणच विसरलो.

शिवाय मोहल्ला हे उत्तरच नाही. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतून निघालेली माणसे मुंब्र्यात दाटीवाटीने जाऊन राहिली. सुरक्षितता मिळाली, पण शेजार तुटला. शेजार तुटला की एकमेकांविषयी फक्त ऐकीव गोष्टी उरतात, आणि ऐकीव गोष्टींवरच पुढची दंगल पोसली जाते. प्रत्येक मुसलमान तरुण घाबरून मुंब्र्याला परतला तर जव्हारच्या रुग्णवाहिकेला चालक कुठून आणणार? ज्या मुलखाने 1992 साली वावर-वांगणीत कुपोषणाने मुले गमावली, त्याला बाहेरून येऊन काम करणाऱ्या प्रत्येक हाताची गरज आहे. त्या हातांना आधी छप्पर लागते.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. जव्हारच्या नगरपरिषदेने आणि मोखाड्याच्या नगरपंचायतीने काम करणाऱ्या तरुणांसाठी, मुलांसाठी आणि मुलींसाठीही, माफक भाड्याची वसतिगृहे उभारावीत, आणि त्यात प्रवेश नावावरून नव्हे तर कामाच्या दाखल्यावरून द्यावा. भाडेकरार नोंदवण्याची सक्ती कागदावर आहे, ती गावात उतरवावी. म्हणजे मालकालाही धास्ती राहणार नाही. राज्याच्या विधिमंडळाने घर भाड्याने देताना धर्मावरून, जातीवरून नकार देणे हा दंडनीय गुन्हा ठरवावा. जमातींनी आपल्या मिळकतींतल्या काही खोल्या, कुठलीही जमात न विचारता, गरजूंना खुल्या कराव्यात. त्यात आदिवासी पोरगाही असावा.

आणि घरमालकांना आमचे एवढेच म्हणणे आहे. तुम्ही आम्हाला जरूर पारखा. पगाराची चिठ्ठी बघा, आधार कार्ड बघा, पोलिसांत माहिती द्या, आधीच्या मालकाला फोन करा. भाडे थकवले तर बाहेर काढा. आम्ही फुकट मागत नाही, उपकार मागत नाही. फक्त पारख आमच्या वागण्याची करा. आईबापांनी कानात अजान देऊन ठेवलेले नाव, त्यात आमचा काय दोष, आणि ते बदलून खोली घ्यायची आमची तयारी नाही.