पवनीचे दोन तट

मराठीत नदीच्या काठालाही तट म्हणतात आणि किल्ल्याच्या भिंतीलाही. हे दोन्ही अर्थ एकाच गावात भेटतात ते भंडारा जिल्ह्यातल्या पवनीत. जुन्या पवनीच्या तीन बाजूंना तट आणि त्याबाहेर खंदक. चौथ्या बाजूला वैनगंगा. म्हणजे तिथे नदीचा तट हाच गावाचा तट! मुळात संस्कृतात तट म्हणजे उतार, काठ. मातीचा उंच, उतरता बांध घालून गाव राखायची जुनी रीत पवनीत पाहिली, की काठाचा शब्द भिंतीला कसा चिकटला असेल याचा अंदाज येतो. अर्थात हा माझा तर्क. तटबंदी हा पुढचा शब्द: तटाने केलेला बंदोबस्त. तटस्थ मात्र काठावर उभा असलेला, प्रवाहात न शिरलेला. आणि गावात तट पडले, की माणसांमध्येच भिंत उभी राहते. पुन्हा पवनीकडे: १९६९-७० साली पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या उत्खननात इथल्या जगन्नाथ टेकडीवर प्राचीन बौद्ध स्तूप उघडा झाला. पवनीला जाणारे तो आवर्जून पाहतात. त्यांनी थोडा वेळ तटावरही चढावे आणि वैनगंगेपर्यंत चालत जावे.