उंट आधी बांधायचा

भिलाईच्या सेक्टर ६ मधली जामा मशीद पाहणारा क्षणभर थबकतो. ‘या अल्लाह’ ही अरबी अक्षरेच तिच्या बांधणीत उतरवली आहेत. पोलाद कारखान्यासाठी १९५५ नंतर देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे इथे आली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. भिंतीला भिंत लागून क्वार्टर. ईदचा शीरखुर्मा हक्काने खाल्ला जातो. पण शेजारी नेमके काय मानतो, असे विचारले तर उत्तर नमाज आणि रोजा यांपुढे क्वचितच जाते.

ते झाले आचरण. ईमान, म्हणजे श्रद्धा, ही त्यामागची गोष्ट. एका प्रसिद्ध हदीसनुसार पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला एक अनोळखी माणूस प्रेषितांसमोर येऊन बसला आणि ईमान म्हणजे काय, असे त्याने विचारले. उत्तरात सहा गोष्टी आल्या: एकच अल्लाह, त्याचे फरिश्ते, त्याचे ग्रंथ, त्याचे प्रेषित, कयामतचा दिवस आणि तकदीर, मग ती बरी असो वा वाईट. तो निघून गेल्यावर कळले की विचारणारा खुद्द जिब्रील हा फरिश्ता होता! आपल्याकडे मदरशातली मुले हेच ‘ईमान-ए-मुफस्सल’ म्हणून पाठ करतात. त्यात मृत्यूनंतर पुन्हा उठणे वेगळे मोजतात, म्हणून गोष्टी सात होतात. दूर सोमालियात लाकडी पाटीवर कुराण गिरवणारी मुले सहाच शिकतात. हिशेब वेगळा, मुद्दल तेच.

ग्रंथांत तौरात आणि इंजीलही येतात, प्रेषितांत मूसा आणि ईसाही. येशूला प्रेषित न मानणाऱ्याचे ईमान पुरे होत नाही, हे वाचून पुष्कळांना नवल वाटेल.

अवघड आहे ते तकदीरीचे कलम. भिलाईच्या कारखान्यात १२ जून २०१४ रोजी विषारी वायूच्या गळतीने सहा जण गेले. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी गॅसवाहिनीच्या स्फोटात दहाहून अधिक. अशा वेळी ‘नशिबातच होते’ हे वाक्य कुठल्याही धर्माच्या घरात ऐकू येते. घरच्यांना त्याने धीर येत असेल, तर तो कुणी हिरावून घेऊ नये. पण सुरक्षेची जबाबदारी असलेला माणूस तेच म्हणू लागला तर?

इस्लाममध्ये त्याला ही पळवाट मिळत नाही. सातव्या शतकात खलिफा उमर सीरियाकडे निघाले असता पुढे प्लेग असल्याचे कळले आणि ते माघारी वळले. अल्लाहच्या लिखितापासून पळता काय, असे अबू उबैदांनी हटकले. उमर यांनी दाखला दिला दोन उतारांचा, एक हिरवा, दुसरा उजाड. गुराखी हिरव्यावर उंट चारतो, तेही लिखितातच असते. माघारी फिरणेही तसेच. उंट बांधावा की अल्लाहवर भरवसा ठेवून मोकळा सोडावा, असे विचारणाऱ्यालाही प्रेषितांनी आधी बांधायलाच सांगितले होते, भरवसा त्यानंतर. माणसाच्या हाती नेमके किती, यावर मात्र इस्लामी पंडित शतकानुशतके भांडले आहेत, आणि तो वाद काही मिटलेला नाही.

अधिक वाचायचे असेल तर विनोबांनी निवडलेले ‘कुराणसार’ आहे. मूळ कुराण वाचता यावे म्हणून ते अरबी शिकले होते.